मंगल फॉन्टमागचे प्राध्यापक: र. कृ. जोशी

विंडोजच्या कॉम्प्युटरवर तुम्ही कधी मराठी वाचलं असेल, तर 'मंगल' हा फॉन्ट तुमच्या डोळ्यांखालून गेला असण्याची शक्यता आहे. विंडोज २००० पासून बरीच वर्षं तो सिस्टिमसोबतच मिळायचा. तो घडवला प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी. ते इंजिनिअर नव्हते. ते कवी, सुलेखनकार आणि शिक्षक होते.

जाहिरातीतून आयआयटीत

जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकल्यावर जोशींनी बरीच वर्षं जाहिरात क्षेत्रात काम केलं. १९८३ ते १९९६ या काळात ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात (आयडीसी) प्राध्यापक होते. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत (आताचं सी-डॅक मुंबई) त्यांनी संगणकशास्त्रज्ञांबरोबर काम केलं. अक्षरं कॉम्प्युटरवर घडवण्यासाठीची 'विन्यास' ही प्रणाली याच सहकार्यातून तयार झाली.

अडचण काय होती?

पूर्वी बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसेल, तर फाइल उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसायची. असा मजकूर शोधता येत नसे, की अकारविल्हे लावता येत नसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला आणि ही अडचण सुटली.

पण नुसत्या क्रमांकांवर भागत नाही. युनिकोडच्या मुख्य देवनागरी तक्त्यात १२८ जागा आहेत, आणि नीट वाचता येईल अशा मराठीला जोडाक्षरं धरून शेकडो आकार लागतात. हे काम फॉन्ट आणि अक्षरजुळणी करणारं सॉफ्टवेअर मिळून करतात:

- 'कि' टाईप करताना आधी क, मग वेलांटी. साठवणही त्याच क्रमाने होते. पण पडद्यावर वेलांटी क च्या डावीकडे दिसली पाहिजे.
- क, हलन्त आणि ष मिळून 'क्ष' हा वेगळाच आकार तयार होतो.
- 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. रफार आणि अर्धा ऱ यांत गल्लत झाली, की अर्थच बदलतो.

कला कुठे आली?

कुठला आकार कुठे जोडायचा, हे नियमांत लिहिता येतं. पण शिरोरेषा किती जाड हवी, लहान अक्षरात 'श्र'ची पोकळी बुजणार नाही ना, हे ठरवायला बोरूने अक्षर काढलेला हात आणि वाचकाचा डोळा लागतो. तंत्रज्ञान माणसाला सोयीचं करायचं म्हणजे अशाच बारीकसारीक गोष्टींवर निर्णय घ्यायचे.

तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर

आयडीसीत पदवीसाठी (बी.डेस.) 'यूसीड' आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी (एम.डेस.) 'सीड' ही प्रवेश परीक्षा असते. दोन्हींत चित्रकलेबरोबर तर्क आणि निरीक्षणही तपासलं जातं. पुढे पीएच.डी. करून शिकवता येतं. चित्रकला की विज्ञान, यांतलं एकच निवडा असं घरचे म्हणत असतील, तर त्यांना कॉम्प्युटरवर मंगल फॉन्टमधली मराठी फाइल उघडून दाखवा.