रेफ्युजियम : मासे नसलेल्या टाकीची कुळकथा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीला नळीने जोडलेली, पण जिच्यात मासे मुद्दाम ठेवत नाहीत अशी दुसरी छोटी टाकी म्हणजे रेफ्युजियम. दोन्ही टाक्यांत एकच पाणी फिरते. मोठीत मासे असतात. छोटीत समुद्रशैवाल, वाळू आणि कोपेपॉड, ॲम्फिपॉड यांसारखे बारीक कवचधारी जीव. मोठ्या टाकीत हे जीव दिसताक्षणी खाल्ले जातात. छोट्या टाकीत ते निर्धास्त वाढतात आणि त्यांची पिल्ले वाहत जाऊन माशांचा आहार बनतात. शैवाल त्याच वेळी पाण्यातले नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेते. आज बहुतेक शौकीन रेफ्युजियम बांधतात ते या दुसऱ्या कामासाठी. मूळ कल्पना मात्र पहिल्या कामाची, म्हणजे भक्ष्याला भक्षकापासून आसरा देण्याची होती, आणि टाकीच्या दृष्टीने तेच काम अधिक मोलाचे आहे.

समुद्राचे पाणी घरात जिवंत ठेवण्याच्या पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी एक ॲना थिन या इंग्रज बाईंचा. त्यांनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज या भांड्यातून त्या भांड्यात ओतावे लागे. पुढल्या वर्षी त्यांनी त्यात समुद्रशैवाल सोडले. लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात मासे, गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून वनस्पती व प्राणी एकमेकांना कसे सांभाळतात ते दाखवले. त्याचा निबंध १८५० साली छापून आला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने मत्स्यटाकीचा छंद घरोघरी नेला. वनस्पतीशिवाय टाकी चालत नाही, ही समज या साऱ्यांच्या मुळाशी होती.

पुढे पंप आणि गाळण्या आल्या आणि ही समज मागे पडली. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. गाळणीतले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य. म्हणून गाळणीचे काम तिथेच संपते, पण नायट्रेट पाण्यातच साचत राहते. पाणी बदलणे एवढाच उपाय उरतो. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात वेगळी वाट मांडली : गाळणी नको, समुद्रातून आणलेले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे पुरेत. ती वाट फार थोड्यांनी धरली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे अमेरिकेत प्रवाळटाकीचे वेड पसरले, तेही ठिबकगाळणीच्या जोरावर. अशा गाळणीने अमोनिया झटपट जाई, पण नायट्रेट वाढत राही.

रेफ्युजियमचे श्रेय प्रामुख्याने वॉल्टर एडी यांना दिले जाते. एडी हे स्मिथसोनियन संस्थेतले शैवालतज्ज्ञ. कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळभित्तींवर काम करताना खडकांवरच्या आखूड, गवतासारख्या शैवालाची वाढ किती प्रचंड असते हे त्यांनी पाहिले. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांची प्रवाळभित्तीची टाकी लोकांसाठी खुली झाली. तिचे पाणी जाळ्यांवर वाढवलेल्या शैवालाने स्वच्छ केले जाई. शैवाल ठरावीक दिवसांनी खरवडून टाकत. या पद्धतीचे पेटंट त्यांना १९८२ मध्ये मिळाले. पण पाणी स्वच्छ झाले तरी लहान जागेत मासे आपले भक्ष्य पुरते संपवतात, ही अडचण राहिलीच. समुद्रात भक्ष्याला लपायला भरपूर कपारी असतात, टाकीत त्या पुरत नाहीत. म्हणून मुख्य टाकीला जोडलेली, भक्षक नसलेली वेगळी जागा हवी. कॅरेन लव्हलँड यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डायनॅमिक ॲक्वेरिया’ या ग्रंथात एडींनी ही कल्पना सविस्तर मांडली.

शौकिनांनी ती उचलली आणि तिला शैवालाच्या बागेचे रूप दिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेंग साय यांची खनिजयुक्त चिखल आणि कॉलेर्पा शैवाल वापरणारी पद्धत गाजली. कॉलेर्पा झपाट्याने वाढते, पण प्रजननाच्या वेळी एका रात्रीत पांढरे पडून आपला सारा अंश पाण्यात सोडते आणि टाकी गढूळ होते. शिवाय याच कुळातले एक शैवाल १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ आढळले आणि भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. त्यामुळे पुढे किटोमॉर्फाला पसंती मिळाली. गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारखे हे शैवाल कशालाही न चिकटता तरंगते आणि हाताने सहज काढता येते.

महाराष्ट्रात खाऱ्या पाण्याचे मासे सर्वसामान्यांना दाखवणारे तारापोरवाला मत्स्यालय मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडले. समुद्र दाराशीच असलेल्या मत्स्यालयाची आणि घरगुती टाकीची अडचण सारखी नसते. घरगुती टाकीसमोर कायद्याचाही प्रश्न असतो. २००१ मध्ये कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. परदेशी पुस्तकांत सांगितलेला ‘जिवंत खडक’ म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा. तो आपल्या समुद्रातून काढता येत नाही, काढूही नये. परदेशात त्या खडकासोबत जीवाणू, किडे, कोपेपॉड आपोआप टाकीत येतात. इथे कृत्रिम, कोरड्या खडकावर सुरुवात करावी लागते. म्हणून भारतीय टाकीत रेफ्युजियम ही जोड नव्हे, गरज आहे : जी जीवसृष्टी खडकाबरोबर येत नाही ती तिथे वाढवता येते.

समुद्रापासून लांब असलेल्या गावात पाण्याचाही प्रश्न येतो. उदाहरणार्थ, यवतमाळ शहरापासून पूर्व आणि पश्चिम दोन्ही किनारे ५०० किलोमीटरहून दूर आहेत. समुद्राचे पाणी इथे घरीच करावे लागते. त्याची कृती गॉस यांनी १८५४ मध्येच छापली होती. आज तयार मिश्रण मिळते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, विशिष्ट गुरुत्व १.०२५. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्रातले मॅग्नेशियम व कॅल्शियम नसते. पाणी मात्र जपून निवडावे. केंद्रीय भूजल मंडळाने राज्यातील ज्या जिल्ह्यांच्या भूजलात जास्त नायट्रेट नोंदवले आहे, त्यांत यवतमाळ आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. विहिरीचे वा बोअरचे पाणी थेट वापरले तर रेफ्युजियमने जे काढायचे तेच आपण ओतत राहतो. म्हणून आर.ओ. यंत्राचे आणि त्यापुढे आयन काढून घेणाऱ्या राळेतून गेलेले पाणी घ्यावे.

२०० लिटरच्या टाकीला दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच रेफ्युजियम पुरते. ५ मिलिमीटर काच सिलिकॉनने जोडतात. बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन माशांना विषारी असते. ही टाकी मोठ्या टाकीच्या वर ठेवणे सर्वांत चांगले : पाणी पंपाने वर चढते आणि जीव पात्यांत न सापडता पाण्याच्या उताराने खाली येतात. पाणी, वाळू व काच मिळून सुमारे ५० किलो भरते, तेव्हा स्टँड मजबूत हवा. वर चढणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीवर ठेवावे. ते बुडलेले असेल आणि वीज गेली, तर पाणी उलटे ओढले जाऊन खालची टाकी ओसंडते. उतरत्या नळीला रुंद जाळी लावावी, नाहीतर शैवाल अडकून वरची टाकी वाहते. तळाशी तीन इंच प्रवाळी वाळू, वर मूठभर किटोमॉर्फा, आणि कोपेपॉडचे विरजण. दिवा मोठ्या टाकीच्या दिव्याच्या उलट वेळी, रात्री लावतात. त्यामुळे रात्री साचणारा कार्बन डायऑक्साइड शैवाल वापरते आणि पाण्याचा सामू फार घसरत नाही.

यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो तेव्हा पाणी २७ अंशांच्या आसपास राखणे हेच मोठे काम. पंख्याच्या झोताने तापमान दोन-तीन अंश उतरते. त्याहून जास्त उतरवायचे तर शीतकयंत्र लागते. पंख्याने पाणी भराभर आटते, मीठ मागे राहते, म्हणून भर घालताना गोडेच पाणी घालावे.

शैवालाने शोषलेले नायट्रेट शैवाल टाकीत असेपर्यंत टाकीतच असते. गोळा दुप्पट झाला की अर्धा काढून टाकतात. काढताना तो टाकीच्याच पाण्यात झटकला की त्यातले कोपेपॉड मागे राहतात. हे जीव काचेवर दाट दिसू लागेपर्यंत मँडरिनसारखा मुख्यतः त्यांच्यावर जगणारा मासा आणू नये.