लागणीची तारीख आणि डेटाबेसची शिस्त

नेवासे तालुक्यातील सोनई हे मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव. साखरपट्ट्यात उसाच्या लागणीच्या तारखेला मोठे मोल असते. तोडणीचा क्रम साधारणपणे तिच्यावरूनच ठरतो. त्यामुळे ही तारीख डेटाबेसमध्ये कोणत्या रूपात नोंदवली जाते, हा प्रश्न थेट उसाच्या फडाशी जोडलेला आहे.

‘०७/०८/२०२४’ ही नोंद भारतात ७ ऑगस्ट अशी वाचली जाते. अमेरिकी पद्धतीवर बेतलेली संगणकप्रणाली मात्र ती ८ जुलै समजते. दोन्ही तारखा आडसाली लागणीच्या काळातल्याच असल्याने चूक नजरेस येत नाही, पण तोडणीच्या क्रमात महिन्याचा फरक पडतो. तारीख साधा मजकूर म्हणून साठवल्यास वेगळीच अडचण उद्भवते. क्रमवारी डावीकडून लागत असल्याने ‘०२-०८-२०२४’ ही नोंद ‘१५-०७-२०२४’च्या आधी येते आणि मागाहून लावलेला ऊस यादीत पुढे सरकतो.

यावरचा उपाय म्हणजे वर्ष-महिना-दिवस हा क्रम. आयएसओ ८६०१ या १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात तो स्वीकारला आहे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालींत ‘२०२४-०८-०७’ हे रूप निःसंदिग्ध ठरते. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’ प्रकारात मात्र भाषेच्या काही मांडण्यांत त्याचाही अर्थ बदलतो. तेथे ‘२०२४०८०७’ असे सलग लिहिणे सुरक्षित. रकान्याचा प्रकार नेहमी ‘डेट’ असावा, मजकुराचा नसावा.

वेळेच्या नोंदीत आणखी दक्षता हवी. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ५ जानेवारीला पहाटे २ वाजता काट्यावर झालेले वजन जागतिक वेळेनुसार ४ जानेवारीच्या रात्री साडेआठचे ठरते. अहवालात वेळेचे रूपांतर राहून गेले, तर तारीखच एक दिवस मागे जाते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक असून विलंबावर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. अशा हिशेबात एका दिवसालाही किंमत असते. म्हणून वजनाची वेळ कालविभागासह नोंदवावी. लागणीसाठी निव्वळ तारीख पुरेशी आहे.

साठवण प्रमाण रूपात असली, तरी पडद्यावर आणि पावतीवर शेतकऱ्याला ‘७ ऑगस्ट २०२४’ असे परिचित रूप दाखवता येते. महिना अक्षरांत लिहिला की वाचणाऱ्याचाही घोटाळा होत नाही.