नारू गेला तो गोळीनं नाही, गाळण्याच्या फडक्यानं



आज तिशीच्या आतल्या पोरांना नारू म्हणजे काय विचारलं तर सांगता यायचं नाही. चांगलंच आहे ते. पण नारू गेला कसा, हे मात्र माहीत पाहिजे. कारण त्यावर तेव्हा ना लस होती ना औषध, आणि आजही नाही.

नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक जंत. मादी मीटरभरापर्यंत वाढायची. बहुतेक वेळा पायावर फोड यायचा, आग आग व्हायची. फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकवायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. घाईनं ओढला आणि तुटला, की पाय सुजून पू धरायचा. माणूस आठवडेच्या आठवडे खाटेवर. पुष्कळ ठिकाणी याचा जोर नेमका शेतीच्या कामात यायचा. आफ्रिकेतल्या माली देशात डोगोन लोक याला ‘रिकाम्या कोठाराचा रोग’ म्हणायचे. जिवानं माणूस सहसा वाचायचा, पण हंगाम जायचा.

आता हा यायचा कुठून ते बघा. पूर्वी पाणी पायऱ्यांच्या विहिरीचं, बारवेचं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की बाया-माणसं खाली उतरून पाण्यात उभं राहून घागर भरायची. त्यात कुणाच्या पायाला नारू असला, तर गार पाण्यानं आग थांबायची. पण तेवढ्यात जंताची मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडायची. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारका किडा ती पिल्लं खायचा. तेच पाणी कुणी प्यालं, की साधारण वर्षभरानं त्याच्या पायातून नवा दोरा बाहेर. सायक्लॉप्सचा यातला हात रशियन संशोधक फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास दाखवून दिला होता.

म्हणजे साखळी कळली होती शंभर वर्षं आधी. तोडायला मात्र वेळ लागला. भारत सरकारनं १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. नारूच्या राज्यांत आपला महाराष्ट्रही होता.

उपाय काय केले? पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधले. पाण्यात सायक्लॉप्स मारायचं औषध टाकलं. आणि बोअर घेऊन हापसे बसवले. हापशाचा संबंध तर थेट आपल्या मातीशी आहे. दुष्काळी भागात टिकेल असा हापसा जालना आणि सोलापूरकडं घडत गेला, आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढं देशभर गेलेला इंडिया मार्क-२ तयार झाला.

पण सगळ्या गावांत हापसा लगेच पोचत नव्हता. तिथं कामाला आल्या दोन सवयी. एक, प्यायचं पाणी रोज दाट विणीच्या दुपदरी फडक्यातून गाळायचं. दुसरी, फोड आलेला पाय पाण्यात घालायचा नाही. सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा, तो फडक्यावरच अडकतो. खर्च जवळपास शून्य. अट एकच, रोज करायचं आणि घरातल्या सगळ्यांनी करायचं. शेतात ओढ्याचं पाणी प्यायचं तरी गाळूनच.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त पाळत ठेवली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

यातून आपण काय घ्यायचं? ‘नैसर्गिक आरोग्य’ म्हणून आज मोबाईलवर रोज नवा काढा येतो. नारूचा इतिहास सांगतो की सवय साधी असली तरी चालते, पण ती रोगाच्या नेमक्या कारणावर बसली पाहिजे. फडक्यानं सायक्लॉप्स अडतो. कावीळ, हगवण, टायफॉइडचे जंतू त्यातून आरामात जातात. त्याला पाणी उकळणं किंवा क्लोरीन टाकणं पाहिजे. युरियातून उतरलेला नायट्रेट तर उकळूनही जात नाही. त्याला खताचा डोस आवरणं आणि पाणी तपासून घेणं हाच मार्ग.

तसंच फवारणीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून पंप विहिरीच्या काठावर धुवायचा नाही. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही. साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला आणि तंबाखूला हात लावायचा नाही.

आजच्या विहिरीची सवय ही आहे. एकट्यानं पाळून भागत नाही, पाणी सगळ्या शिवाराचं असतं.

तुमच्या गावात नारू बघितलेली म्हातारी माणसं असतील तर त्यांना विचारा, आणि ते काय सांगतात ते खाली लिहा.