मर्टनचा दशांश

इमारत कोठे व कशासाठी उभी राहावी, हे १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यापासून इंग्लंडमधील स्थानिक नियोजनसंस्था ठरवीत आल्या. ती कशी बांधली जावी, हा विषय मात्र राष्ट्रीय बांधकाम-नियमांचा, अशी स्थूल विभागणी रूढ झाली. नैर्ऋत्य लंडनमधील मर्टन या बरोने ऑक्टोबर २००३ मध्ये स्वीकारलेल्या विकास-आराखड्याने ही सीमारेषा ओलांडली. १,००० चौरस मीटरांहून मोठ्या, निवासेतर नव्या बांधकामाने आपल्या अंदाजित ऊर्जेपैकी निदान १० टक्के ऊर्जा नवीकरणीय साधनांनी जागेवरच निर्माण करावी, असे त्यात म्हटले होते.

पर्यावरणानुकूल बांधकामासंबंधी मार्गदर्शक पुस्तिकांची तेव्हा वाण नव्हती. परंतु त्यांची भाषा बहुधा 'विचार व्हावा', 'उत्तेजन द्यावे' अशी असे. मर्टनने आकडा घातला, आणि तो पुस्तिकेत न घालता आराखड्यात घातला. यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होय. सबळ कारण नसेल तर परवानगीचा निर्णय आराखड्यास धरूनच व्हावा, असे १९९१ च्या कायद्याने ठरविले होते. हे स्थान पूरक मार्गदर्शनास नव्हते. २००४ च्या कायद्यानंतर आलेल्या पूरक दस्तऐवजांनाही ते लाभले नाही. शिवाय आगाऊ ठाऊक असलेली अट बांधणाऱ्याला जमिनीच्या किमतीतच धरता येते. मोघम सूचनेची तशी सोय नसते.

क्रॉयडनने हा नियम घरांनाही लावला. जून २००६ मध्ये गृहनिर्माणमंत्री इव्हेट कूपर यांनी सर्व नियोजनसंस्थांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले, आणि २००८ च्या नियोजन व ऊर्जा कायद्याने अशा अटींना स्पष्ट वैधानिक आधार दिला.

नियमात एक मूलभूत वैगुण्य होते. ऊर्जा कोठून येते हे तो विचारी. किती लागते हे विचारीत नसे. उष्णतारोधनात कच्ची असलेली इमारतही मोठी यंत्रसामग्री बसवून त्यातून सुटू शके. त्यातही हिशेब अंदाजाचा, प्रत्यक्ष वापराचा नव्हे. शेजारच्या सटन बरोमध्ये २००२ साली पूर्ण झालेल्या बेडझेड या वसाहतीतील लाकडाच्या ढलप्यांवरचे वीज-उष्णता संयंत्र काही वर्षांतच बंद पडले, हे येथे आठवावे. घरांची मूळ रचना उष्णता राखणारी होती, म्हणूनच ती वसाहत निभावली.

पुढे केंद्रसत्तेचे धोरण उलटले. २०१६ पासून सर्व नवी घरे कर्बशून्य करण्याचे उद्दिष्ट २०१५ मध्ये सोडून देण्यात आले. त्याच वर्षी शाश्वत घरांची राष्ट्रीय संहिताही मागे घेतली गेली. घरांपुरता २००८ चा ऊर्जाबचतविषयक अधिकार काढून घेणारे कलमही तेव्हाच संमत झाले. मात्र ते अमलात आणणार नसल्याचे सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. एवढ्या अवकाशात कॉर्नवॉल आणि बाथ व ईशान्य सॉमरसेट यांनी २०२३ च्या प्रारंभी नवा आकडा आणला: घर तापविण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी ३० किलोवॅट-तास व एकूण वापर ४० किलोवॅट-तास, याहून अधिक नको. मर्टनचे वैगुण्य येथे दूर झाले होते.

डिसेंबर २०२३ च्या मंत्र्यांच्या निवेदनाने आक्षेप घेतला तो नेमका या मापावर. राष्ट्रीय नियमांहून कडक स्थानिक अट घालावयाची तर ती राष्ट्रीय उत्सर्जन-मर्यादेवरील टक्केवारीतच मांडावी, असे त्यात सांगितले होते. त्याविरुद्धचा अर्ज उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फेटाळला. ही मर्यादा त्याच आकाराची काल्पनिक इमारत समोर ठेवून काढली जाते. त्यामुळे अस्ताव्यस्त, उष्णता गमावणाऱ्या आकाराचा दोष या टक्केवारीत उमटत नाही.