समुद्रात सोडलेला गाळ आणि त्याचा माग

सांडपाण्यावर प्रक्रिया केली म्हणजे त्यातील घाण नाहीशी होत नाही. ती तळाशी बसते आणि दाट, काळपट गाळाच्या रूपाने केंद्राच्या टाक्यांत साठते. सेंद्रिय द्रव्ये आणि रोगजंतू तर त्यात असतातच. शिवाय कारखान्यांतून व घरांतून वाहत आलेले पारा, कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातूही त्यात एकवटतात. हा गाळ टाकायचा कोठे, या प्रश्नाला न्यूयॉर्क शहराने १९२४ पासून जवळजवळ सात दशके एकच उत्तर दिले: समुद्रात.

आरंभी त्यासाठी किनाऱ्यापासून अवघ्या बारा सागरी मैलांवरची, जेमतेम २५ मीटर खोलीची जागा होती.  १९७२ हे वर्ष या बाबतीत निर्णायक ठरले. त्या वर्षी अमेरिकेने सागरी विसर्जनाचा कायदा केला आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर लंडन करार झाला. अमेरिकी कायद्यानुसार गाळ टाकण्याचा परवाना पर्यावरण संरक्षण संस्थेने द्यायचा आणि समुद्रावरील पहारा तटरक्षक दलाने ठेवायचा, अशी विभागणी झाली. लंडन करारात पारा व कॅडमियम निषिद्ध यादीत होते. पण ते अल्पांशाने असतील तर सवलत होती. सांडपाण्याचा गाळ याच फटीतून समुद्रात जात राहिला. जहाजातून टाकलेला पदार्थ या कराराच्या कक्षेत येतो, किनाऱ्यावरून नळाने सोडलेला मात्र येत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. मुंबईत वरळी आणि वांद्रे येथून समुद्राखालील बोगद्यांतून जाणारे सांडपाणी त्यामुळे या कराराच्या बाहेरच राहते.

अमेरिकी काँग्रेसने १९७७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून १९८१ अखेरची मुदत घातली. शहराने न्यायालयात धाव घेतली. जमिनीवरील पर्यायांचा खर्च आणि त्यांचे धोकेही विचारात घेतले पाहिजेत, असे १९८१ मध्ये न्यायालयाने म्हटले आणि विसर्जन सुरूच राहिले. पुढे तडजोड निघाली ती जागा बदलण्याची. १९८६ पासून न्यूयॉर्क व न्यू जर्सीतील नऊ यंत्रणांचा गाळ १०६ सागरी मैलांवर, सुमारे अडीच हजार मीटर खोल पाण्यावर जाऊ लागला. वर्षाला तो ८० लाख टनांच्या आसपास भरे. एवढ्या खोलीत गाळ वरच्या थरांतच विरून जाईल, तळाला फारसे काही पोहोचणार नाही, असे गृहीत धरले गेले होते.

हे गृहीतक तपासणीत टिकले नाही. गाळाचा माग काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी काही खुणा निवडल्या. 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स' हा आतड्यातील जिवाणू त्यांपैकी एक. त्याची बीजाणू अवस्था वर्षानुवर्षे टिकते. दुसरी खूण चांदी. ती शहरी सांडपाण्यात विशेषतः छायाचित्रणाच्या रसायनांतून येत असे. 'ॲल्विन' या पाणबुडीने तळावरून आणलेल्या नमुन्यांत या खुणा आढळल्या. मूळ जागेच्या पश्चिमेकडेही त्या पसरल्या होत्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर खोल तळावरील समुद्री साळूंच्या शरीरातील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून गाळातील सेंद्रिय द्रव्य त्यांच्या अन्नात शिरल्याचे दिसले. पहारा जहाजांवरही होता. जागेवर पोहोचण्याआधीच गाळ सोडून परत फिरण्याचा मोह मोठा असतो. म्हणून बार्जचे स्थान व गाळ सोडल्याची वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवण्यात आली.

बंदी मात्र या पुराव्यांच्या बळावर आली नाही. १९८७ व १९८८ च्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी आणि लाँग आयलंडच्या किनाऱ्यांवर इंजेक्शनच्या सुया व रुग्णालयीन कचरा वाहून आला आणि जनमत खवळले. तो कचरा मुख्यतः कचराभूमी आणि पावसाळी गटारांतून आलेला होता. गाळाच्या बार्जचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही त्याच वर्षी विसर्जनबंदीचा कायदा संमत झाला. त्याने कोरड्या गाळाच्या प्रत्येक टनामागे १९८९ मध्ये १०० डॉलरचा आकार लावला आणि १९९१ अखेरनंतर तो दंड थेट ६०० डॉलरवर नेला. आकड्यांनी काम केले: न्यूयॉर्कने जून १९९२ अखेर शेवटची बार्ज रिकामी केली.

बारा मैलांवरची जागा १९८७ अखेर बंद झाली होती. त्यानंतर तेथील तळाची तपासणी चालू राहिली, आणि प्रदूषणात फोफावणाऱ्या 'कॅपिटेला' कृमींची संख्या घटल्याचे दिसून आले. हडसन नदीतून येणारे प्रदूषण मात्र तेथे येतच राहिले.

युरोपीय संघाच्या १९९१ च्या निर्देशानुसार ब्रिटनने १९९८ अखेर हे विसर्जन थांबवले. १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलच्या परवानगी-यादीत गाळाला तरीही स्थान होते. ते सदस्य राष्ट्रांनी २०२२ मध्ये काढून टाकले.

न्यूयॉर्कचा गाळ नाहीसा झालाच नाही. १९९२ पासून त्याचा काही भाग रेल्वेने सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, टेक्सासमधील सिएरा ब्लँका या छोट्या वाळवंटी गावाजवळच्या जमिनीवर पसरला जाऊ लागला. स्थानिकांच्या विरोधाला न जुमानता हे २००१ पर्यंत चालले.