बाखला चर्चने झापलं होतं, त्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्यापासून करतो.

मी वसईचा. रविवारी सकाळी सातच्या मिस्साला चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. मागच्या वर्षी मी गायनांच्या चालींखाली नवनवे कॉर्ड टाकायला लागलो. मला वाटलं, काय भारी होतंय! एका रविवारी मिस्सा संपल्यावर क्वायरमधले एक काका जवळ आले आणि म्हणाले, "बाळा, तुझं वाजवणं छान आहे रे, पण आम्हाला त्याच्यावर गाता येत नाही." मला इतकं लागलं, की पुढचे तीन महिने मी वाजवायला गेलोच नाही. देवासाठी मनापासून काही करायला जावं आणि देवाच्याच घरात ते नको म्हणावं, मग कशाला जायचं?

त्या तीन महिन्यांत मी बाखबद्दल वाचत होतो. योहान सेबास्टियन बाख, जर्मन संगीतकार, जन्म १६८५. आपल्या डोक्यात त्याचं चित्र कसं असतं? पांढरा विग, गंभीर चेहरा, वरून देव सांगतोय आणि हा लिहून घेतोय. प्रत्यक्षात काय होतं, ऐका.

अठराव्या वर्षी बाखला आर्नश्टाट नावाच्या गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी लागली. १७०५ मध्ये त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्स्टेहूड या मोठ्या ऑर्गनवादकाला ऐकायला ल्यूबेकला गेला. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, आणि गेला पायी! परत आला तो जवळपास चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला समोर उभं केलं. इतके दिवस कुठे होतास, हा एक प्रश्न. दुसरी तक्रार अशी, की तू भजनांच्या चालीत चित्रविचित्र सूर मिसळतोस आणि लोक गाता गाता गोंधळतात.

हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे बाखलासुद्धा कुणीतरी काका भेटले होते!

पुढची नोंद तर अजून मजेशीर आहे. आधी हा फार लांबण लावायचा, म्हणून त्याला टोकलं. तर पठ्ठ्या दुसऱ्या टोकाला गेला आणि फारच थोडं वाजवायला लागला. वीस वर्षांचा मुलगा रुसलाय, हे तीनशे वर्षांनीही कळतं.

आता १७२३ मध्ये या. लाइप्झिग शहर. सेंट थॉमस शाळेच्या कॅन्टरची, म्हणजे शाळेत शिकवून शहरातल्या मुख्य चर्चचं संगीत सांभाळण्याची जागा रिकामी होती. नगर परिषदेला आधी टेलेमान हवा होता, मग ग्राउपनर. दोघंही जमले नाहीत, तेव्हा बाखला घेतलं. करारात लिहून घेतलं, की चर्चमधलं संगीत फार लांबायला नको आणि ऑपेरासारखं वाटायला नको.

आणि काम किती? जवळजवळ दर रविवारी एक कँटाटा. म्हणजे गायक, वाद्यवृंद आणि त्या दिवसाच्या बायबल वाचनाशी जुळणारे शब्द, सगळं मिळून साधारण वीस मिनिटांची रचना. लिहायची, घरच्यांना आणि विद्यार्थ्यांना बसवून तिच्या नकला करायच्या, तालीम घ्यायची, रविवारी सादर करायची. सोमवारी परत कोरा कागद. आज त्याचे सुमारे २०० चर्च कँटाटा शिल्लक आहेत.

माणसं तरी धड होती का? १७३० मध्ये त्याने परिषदेला लेखी कळवलं, की माझ्याकडच्या मुलांपैकी १७ कामाची आहेत, २० अजून तयार नाहीत आणि १७ अगदीच निरुपयोगी. त्याच वर्षी एका मित्राला पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, की इथली हवा चांगली असली की लोक कमी मरतात आणि अंत्यविधीचे पैसे बुडतात. हो, हे बाखच लिहितोय!

मग यात श्रद्धा कुठे आली? त्याच्या हस्तलिखितांत. चर्चसाठी लिहिलेल्या कितीतरी रचनांच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात, जे. जे. म्हणजे लॅटिनमध्ये "येशू, मदत कर". शेवटी तीन अक्षरं, एस. डी. जी. म्हणजे "गौरव फक्त देवाला". सुरुवातीला मदत मागितली, शेवटी श्रेय देऊन टाकलं. मधल्या पानांवर मात्र मेहनत आहे, खाडाखोड आहे, रविवारची घाई आहे.

मला आधी वाटायचं, श्रद्धा म्हणजे आतून येणारी ऊर्मी. ती आली की सुचतं आणि कुणी टोकलं की विझते. बाखकडे बघून वाटलं, त्याची श्रद्धा कामाच्या दोन्ही टोकांना बांधलेली होती. मूड असो नसो, मुलं बेसूर गावोत, परिषद कटकट करो, रविवार यायचाच.

अजून एक गोष्ट. बाखची ऑर्गनसाठीची एक छोटी वही आहे, 'ऑर्गेलब्युखलाइन'. १६४ भजनांसाठी आखलेली, पूर्ण झाल्या ४६ रचना. तिच्या पहिल्या पानावर त्याने दोन हेतू दिलेत. एक, देवाचा सन्मान. दुसरा, शेजाऱ्याला काही शिकता यावं.

शेजारी! इथे मी अडकलो. माझ्या कॉर्डमध्ये देव होता की नाही, ते देव जाणे. पण शेजारी नक्की नव्हता. चर्चमध्ये भजन गातात ते लोक, वाद्याने फक्त त्यांचा हात धरायचा असतो. आर्नश्टाटच्या लोकांनाही खरंच गाता येत नसणार. बाख मोठा होता म्हणून त्यांची तक्रार खोटी ठरत नाही.

मी परत गेलो. आता लोक गातात तेव्हा साधं, सरळ वाजवतो. मिस्सा संपून सगळे बाहेर पडायला लागले, की पाच मिनिटं मनासारखं वाजवतो. काका कधीकधी बाकावर बसून राहतात. काही बोलत नाहीत. बसतात.

त्याच वहीतली 'इश रुफ त्सू दिर' ही रचना आज रात्री ऐका. तीनेक मिनिटांचीच आहे. दिवे बंद करून ऐका आणि कसं वाटलं ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात!