औषधांच्या पायऱ्या

माझी भाची अमेरिकेत असते. तिथे विमा कंपन्या औषधांच्या यादीला पायऱ्या पाडतात. जेनेरिक गोळी सहसा खालच्या पायरीवर, तिला पदरचे पैसे थोडे. महागडं ब्रँडेड औषध वरच्या पायरीवर, तिथे खिसा जास्त हलका. "मामा, आपल्याकडे असलं काही नाही ना?" असं ती विचारते.

होतं की! फक्त पायऱ्या सरकारने बांधल्या होत्या, आणि त्या रुग्णासाठी नव्हे, कंपन्यांसाठी.

१९७५ साली हाथी समितीचा अहवाल आला. पुढे १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ३४७ मूळ औषधं नियंत्रणाखाली आणली आणि त्यांच्या गोळ्या-इंजेक्शनांचे गट पाडले. उत्पादनखर्चावर वाहतूक, जाहिरात, दुकानदाराचं कमिशन आणि नफा मिळून पहिल्या गटाला ४० टक्के, दुसऱ्याला ५५, तिसऱ्याला १००. जीवरक्षक औषधं पहिल्या गटात. बाकीची मोकळी.

हेतू चांगलाच होता. पण जे औषध सर्वांत गरजेचं, त्यातच कमाई सर्वांत कमी! साहजिकच कंपन्यांचा ओढा टॉनिकांकडे वळला. मग पायऱ्याच मोडत गेल्या. १९८७ ला १४२ औषधं आणि दोन गट, ७५ व १०० टक्क्यांचे. १९९५ ला औषधं पंचाहत्तरच्या आसपास आणि सरसकट १०० टक्के. २०१३ पासून तर उत्पादनखर्च बघणंच थांबलं. आता यादीतल्या औषधाची कमाल किंमत बाजारभावाच्या सरासरीवरून ठरते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

आणि विमा? १९८६ साली मेडिक्लेम आली, ती इस्पितळात दाखल होणाऱ्यांसाठी. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला बहुतेक पॉलिसी आजही विचारत नाहीत. आम्ही नाशिकचे पेन्शनर महिन्याच्या महिन्याला पदरमोड करूनच औषधं घेतो. २००८ पासून जनऔषधी दुकानं निघाली, तेवढाच दिलासा.

थोडक्यात, भाचीची पायरी तिची विमा कंपनी ठरवते, माझी पायरी चिठ्ठीवर लिहिलेलं ब्रँडचं नाव ठरवतं. ही नावं टप्प्याटप्प्याने काढून टाका, असं हाथी समितीने तेव्हाच सुचवलं होतं. ते काही झालं नाही. म्हणून मी आता डॉक्टरांनाच विचारतो, "यातलं जेनेरिक चालेल का?" तुम्हीही विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते जरूर कळवा.